पन्नास शब्दांची परीक्षा

आधीच सांगून टाकते, मला नेटवर्किंगचे कार्यक्रम अजिबात आवडत नाहीत. गळ्यात नावाचा बिल्ला, हातात कोमट वाइन, आणि दर पाच मिनिटांनी "तुम्ही काय करता" हाच प्रश्न नवीन तोंडातून. तरी २०१९ मध्ये मी इथं मेलबर्नमध्ये एका यंग प्रोफेशनल्सच्या नेटवर्कच्या कार्यक्रमाला गेले, ऑस्ट्रेलिया आणि चायनीज समाजातले सांस्कृतिक बंध वाढवण्यासाठी वगैरे असलेलं, कारण ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला जायचं होतं आणि एकटीला कंटाळा येत होता. ती पेनांगची, म्हणजे मलेशियन चायनीज, पणजोबा कधीतरी फुजियानमधून आले, घरी होक्कियन बोलतात, मँडरिन शाळेत शिकली, आणि चीनला आयुष्यात एकदाच गेलीय ती पण टूर कंपनीच्या बसमधून. मी सोलापूरची. तिथं आमचं दोघींचं नक्की काय काम होतं ते विचारू नका.

कॉलिन्स स्ट्रीटवरच्या एका उंच बिल्डिंगमध्ये कार्यक्रम होता, विषय दूध पावडर आणि ऑनलाइन विक्री. खोलीत ढोबळ दोन प्रकारची माणसं. एक म्हणजे बीजिंग नाहीतर शांघायला वर्षभर राहून आलेली गोरी पोरं, मँडरिन फाडफाड, मला खरंच कौतुक वाटलं. दुसरी म्हणजे मेनलँडहून, म्हणजे खुद्द चीनमधून, शिकायला आलेली आणि आता नोकरी शोधणारी मुलं, ती बिचारी बायोडेटा खिशात घेऊनच आल्यासारखी. इथल्या बॉक्स हिल उपनगरात तीस वर्षं राहणारं कुणी नाही, स्प्रिंगव्हेल उपनगरातले व्हिएतनामहून आलेले चायनीज नाहीत, तिमोरहून आलेले हाक्का चायनीज नाहीत, हाँगकाँगवाला एक होता तो कोपऱ्यात फोन बघत होता. मैत्रिणीला तिघांनी विचारलं की तू चीनच्या कुठल्या शहरातली, तिनं तिन्ही वेळा पेनांग सांगितलं, आणि तिन्ही वेळा समोरचा "ओह" म्हणून दुसरीकडे वळला. माझ्याशी बोलायला तर कुणाला काही कारणच सापडत नव्हतं.

आता कुणी म्हणेल बाई, एका संध्याकाळवरून एवढा लेख कशाला. पण माझं म्हणणं त्याच संध्याकाळीपासून सुरू झालंय म्हणून सांगते. अशी नेटवर्क्स हवीत, माझा विरोध नाहीये, उलट हवीतच. फक्त त्यांनी आधी ठरवावं की त्यांना चीन नावाच्या देशाशी संबंध जोडायचेत की चायनीज माणसांशी. दोन्ही एकच आहे असं धरून चाललं की जे होतं ते आपण २०२० मध्ये बघितलंय.

ही नेटवर्क्स निघाली तो काळ आठवा. २०१२ मध्ये सरकारनं एशियन सेंच्युरीवर, म्हणजे हे शतक आशियाचं असं म्हणत, श्वेतपत्रिका काढली, २०१५ च्या डिसेंबरात चीनबरोबर मुक्त व्यापार करार लागू झाला, लोखंडाची माती जहाजं भरभरून चाललेली, ज्याला त्याला वाटत होतं की चार मँडरिन शब्द आले की प्रमोशन पक्कं. त्यात वाईट काही नाही, व्यापारातूनच ओळखी होतात, आपल्याकडं कोकणातल्या बंदरांना हे कुणी शिकवायला नको. पण व्यापारावर बांधलेली ओळख व्यापाराएवढीच टिकते. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियानं कोविडच्या उगमाची चौकशी व्हावी म्हटलं, मे महिन्यात चीननं इथल्या बार्लीवर ८० टक्क्यांच्या वर टॅरिफ लावला, वर्षाअखेरपर्यंत वाइनवर २०० टक्क्यांच्या पुढं गेला. लोवी इन्स्टिट्यूट ही इथली अभ्याससंस्था दरवर्षी लोकांना विचारते की चीनवर विश्वास आहे का, २०१८ मध्ये ५२ टक्के लोक हो म्हणाले होते, २०२१ मध्ये १६.

बरं हे झालं देशाचं. आता माणसांचं बघा. त्याच संस्थेनं नोव्हेंबर २०२० मध्ये इथल्या चायनीज लोकांना विचारलं, तर गेल्या वर्षभरात चायनीज असल्यामुळं वेगळी किंवा वाईट वागणूक मिळाली असं ३७ टक्के म्हणाले, शिव्या खाल्लेले ३१ टक्के, आणि धमकी किंवा मारहाण झालेले १८ टक्के. माझी पेनांगवाली त्यातलीच धरा. ट्राममध्ये एक माणूस तिच्या अंगावर ओरडला की तुझा व्हायरस घेऊन परत जा, आणि अख्खी ट्राम खिडकीबाहेर बघत बसली. परत कुठं जाणार होती ती, इथल्याच डोनकास्टर उपनगरातल्या घरी? त्या महिन्यात त्या नेटवर्कची एकच मेल आली, सप्लाय चेनवर वेबिनार आहे म्हणून. हे मी टोमणा म्हणून सांगत नाहीये, म्हणजे थोडा टोमणा आहेच, पण मुद्दा असा की त्या मुलांना सुचलंच नसेल की हे आपलं काम आहे. त्यांचं काम चीन होतं. ट्राममधली बाई त्यांच्या विषयात बसत नव्हती.

याच वर्षातली अजून एक गोष्ट, ही सगळ्या भारतीयांनी नीट वाचावी. १४ ऑक्टोबर २०२० ला सेनेटच्या कमिटीपुढं तीन चायनीज-ऑस्ट्रेलियन तरुण मंडळी साक्ष द्यायला गेली, ऑस्मंड चू, वेसा चाऊ आणि युन जियांग. कमिटीचा विषय होता बाहेरून आलेल्या समाजांचे प्रश्न, हे लोक सांगायला गेले होते की सार्वजनिक जीवनात आमची माणसं एवढी कमी का दिसतात. सेनेटर एरिक अॅबेट्झनी तिघांनाही विचारलं की चिनी कम्युनिस्ट पार्टीच्या हुकूमशाहीचा तुम्ही बिनशर्त निषेध करता का, हो की नाही. ऑस्मंड चू तर इथंच जन्मलेला. तिघंही काही त्या पार्टीचे चाहते नव्हते, पण हा प्रश्न आम्हालाच का, बाकीच्या साक्षीदारांना का नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं.

मला यावरून डिक्टेशन टेस्ट आठवते. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलिया हा देश म्हणून जन्माला आला आणि पहिल्याच वर्षी त्यांनी कायदा केला इमिग्रेशन रिस्ट्रिक्शनचा, ज्यात रंगाचं नाव कुठंच नव्हतं, फक्त एक परीक्षा होती, अधिकारी ५० शब्दांचा उतारा वाचणार आणि तुम्ही तो लिहायचा, कुठल्याही युरोपियन भाषेत. कुठली भाषा ते अधिकारी ठरवणार. चायनीज माणसाला इंग्रजी येतंय असं दिसलं की काढा दुसरी भाषा. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा प्रागचा पत्रकार आला, कम्युनिस्ट म्हणून नको होता, त्याला ढीगभर भाषा येत होत्या तर त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली, हे खरंय, विनोद नाही. १९०९ नंतर ती परीक्षा एकही माणूस पास झाला नाही. आणि ती रद्द झाली १९५८ मध्ये. म्हणजे परीक्षा पास होण्यासाठी नव्हतीच, नापास करायचं आधी ठरलेलं, कागद नंतर.

निष्ठेचे प्रश्न हे असेच असतात. तुम्ही निषेध केला की पुढचा प्रश्न येतो, मग गेल्या वर्षी का नाही केला, मग मामा बीजिंगमध्ये काय करतो, मग हा फोटो कुठला. कितीही लिहा, भाषा बदलतच राहते.

इथं एक आक्षेप येतो आणि तो हलका नाहीये. लोक म्हणतात बाकी सगळं ठीकए, पण चीनचं सरकार इथल्या समाजात हात घालतं की नाही? घालतं. २०१८ मध्ये परकीय हस्तक्षेपाचे कायदे उगाच नाही आले. इथल्या पत्रकार चेंग लेई बीजिंगमध्ये तीन वर्षांहून जास्त कोंडल्या गेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुटल्या. जुलै २०१९ मध्ये ब्रिस्बेनला क्वीन्सलंड युनिव्हर्सिटीत हाँगकाँगमधल्या आंदोलनाच्या बाजूची मुलं आणि मेनलँडची मुलं एकमेकांना भिडली. चीनच्या शिनजियांगमधून आलेला उइघुर मुस्लिम माणूस मेलबर्नमधून घरी फोन करायला घाबरतो. "सांस्कृतिक मैत्री" या नावाखाली चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाहीये. मी फक्त विचारते की या दबावाखाली सगळ्यात जास्त भरडलं कोण जातं? चायनीज माणसंच ना. एकीकडून चीनचं कॉन्सुलेट विचारणार तू आमचाच ना, दुसरीकडून सेनेटर विचारणार तू त्यांचाच ना. हेर पकडायला सरकारची खाती आहेत, पगार घेतात. चहाच्या टेबलावर मी आणि माझ्यासारखे ते काम करायला बसलो तर हेर एकही सापडणार नाही, शेजारी मात्र सगळे जातील.

म्हणून नेटवर्क चालवणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो तो असा की जेवणाचे पैसे कोण देतंय. हसू नका. कॉन्सुलेट देत असेल तर तैवान हा शब्द त्या खोलीत कुणी काढणार नाही. लोखंडाची माती विकणारी कंपनी देत असेल तर ट्राममधल्या बाईचा विषय निघणार नाही. जो पैसे देतो त्याला काही बोलावंही लागत नाही, बाकीचे आपणहून गप्प बसतात. आपापला डबा आणा, वर्गणी काढा, लायब्ररीची खोली घ्या. कार्यक्रम लहान होईल, बॅनर होणार नाही, चालतंय.

दुसरं, "चायनीज कम्युनिटी" असा एकवचनी शब्द वापरणं सोडा. आपल्याला कुणी "इंडियन कम्युनिटीचं मत काय" विचारलं की आपण कसे हसतो, मंडळाचं मत वेगळं, गुजरात्यांचं वेगळं, तमिळांचं वेगळं, आणि मंडळातच तीन गट. तिकडं तर अजून गंमत. सोन्याच्या धावपळीत १८५० च्या दशकात आलेले कँटनीज, व्हिक्टोरियानं १८५५ मध्ये चायनीज माणसामागं १० पौंड कर बसवला तर साउथ ऑस्ट्रेलियात रोब नावाच्या गावी उतरून तिथून शेकडो किलोमीटर चालत खाणींपर्यंत आलेली माणसं. त्यांची पतवंडं आज बेंडिगोत आहेत, मँडरिन येत नाही, ऑसी उच्चार माझ्या बॉसपेक्षा पक्का. मग टियानानमेननंतरचे, १९८९ मध्ये बीजिंगच्या त्या चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन सैन्यानं चिरडलं तेव्हा इथले पंतप्रधान बॉब हॉक रडले आणि इथल्या विद्यार्थ्यांना राहू दिलं, कुटुंबं धरून सुमारे ४२ हजार लोक कायमचे झाले. मग मलेशिया, सिंगापूर, हाँगकाँग, तैवान. मग परवा आलेला विद्यार्थी. यांचं आपसात पटतंच असं नाही, कधीकधी भाषाही एक नाही, एकमेकांशी इंग्रजीत बोलतात.

बेंडिगोला एकदा जाऊन या, ईस्टरला. तिथं लूंग नावाचा मिरवणुकीचा ड्रॅगन आहे, शंभर वर्षांहून जुना, इतका जुना की आता म्युझियममध्ये जपून ठेवलाय, मिरवणुकीत त्याच्या जागी नवे धावतात. हा लूंग १९०१ मध्ये मेलबर्नला देशाच्या जन्माच्या सोहळ्यात नाचवला होता. त्याच वर्षी ती ५० शब्दांची परीक्षा. नाच बघायला हवा, नाचणारा नको. अजून एक गाव आहे न्यू साउथ वेल्समध्ये, नावच यंग, पूर्वी त्याला लॅम्बिंग फ्लॅट म्हणायचे, १८६१ च्या जूनमध्ये तिथं दोन-तीन हजार खाणकामगारांनी चायनीज छावण्या लुटल्या, जाळल्या, माणसांच्या वेण्या कापल्या. दोन वर्षांनी गावाचं नाव बदललं. "यंग प्रोफेशनल्स" म्हटलं की मला उगाच ते गाव आठवतं, इलाज नाही.

आता आपल्या लोकांकडे येते, कारण हे मराठीत लिहितेय ते त्यासाठीच. गलवान झालं जून २०२० मध्ये आणि इथल्या आमच्या वॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्याच आठवड्यात चायना माल बंद करा, मग चायनीज दुकानात जाऊ नका. दुकान कुणाचं तर तैवानी माणसाचं. मी ग्रुपवर लिहिलं तसं, तर एका काकांनी उत्तर दिलं की सगळे सारखेच. हेच काका दर शुक्रवारी मंचुरियन करतात घरी! मंचुरियन हा प्रकार मुंबईत सत्तरच्या दशकात नेल्सन वँगनी काढला असं सांगतात, कोलकात्यात जन्मलेले चायनीज गृहस्थ, म्हणजे त्या कोबीच्या गोळ्याइतका भारतीय-चायनीज संबंध दुसरा शोधून सापडणार नाही, पण काकांना सांगणार कोण.

मग २०२१ ची जनगणना आली आणि कळलं की इथं राहणाऱ्यांत भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजार झाले, चीनमध्ये जन्मलेल्यांना मागं टाकलं. ग्रुपवर फटाके. मला तेव्हाच वाटलं होतं की आता पाळी आपली. ३१ ऑगस्ट २०२५ ला मार्च फॉर ऑस्ट्रेलिया म्हणून शहराशहरांत मोर्चे निघाले, त्यांच्या पत्रकात नाव घेऊन कोण होतं तर भारतीय. आठवडा जातो न जातो तोवर एका सेनेटरबाईंनी टीव्हीवर सुचवलं की सरकार भारतीयांना मतांसाठी आणतंय, त्यावरून त्यांचं विरोधी पक्षातलं पद गेलं ते वेगळं. आणि त्याआधी, एप्रिल २०२४ मध्ये बातम्या आल्या होत्या की २०२० मध्ये ऑस्ट्रेलियानं भारतीय गुप्तहेर खात्याची माणसं गुपचूप परत पाठवली. त्या बातमीनंतर ऑफिसात एकानं मला हसत हसत विचारलं, काय मॅडम, रिपोर्ट कुणाला देता? हसत हसतच विचारलं. मीही हसले. घरी येऊन मैत्रिणीला फोन केला, ती म्हणाली, वेलकम.

म्हणून मी म्हणते चायनीज शेजाऱ्यांच्या नेटवर्कमध्ये भारतीयांनी जायला पाहिजे ते उपकार म्हणून नाही की व्यापारासाठी नाही. या माणसांनी ती परीक्षा दीडशे वर्षं दिलीय, त्यांना माहितीय कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि कुठला प्रश्नच परत करायचा.

आमचा एक छोटा ग्रुप आता जमतो, नाव ठेवलेलं नाही, बारा-पंधरा जण, बॉक्स हिलच्या बाजूला, महिन्यातून एक संध्याकाळ. पेनांगवाली आहे, हाँगकाँगचे दोघं, एक श्रीलंकन तमिळ, एक ग्रीक पोरगी जिची आजी अजून इंग्रजी बोलत नाही, आणि एक शिजियाझुआंगचा इंजिनियर. या इंजिनियरनं पहिल्या भेटीत मी सोलापूरची म्हटल्यावर एकदम उठून हात मिळवला. के दीहुआ! म्हणजे आमचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये पाच डॉक्टर भारतातून चीनला गेले जपानविरुद्धच्या लढाईत जखमींसाठी, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते, आणि कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे, म्हणजे आजच्या भाषेत यंग प्रोफेशनलच. तिथंच लग्न केलं गुओ चिंगलान या नर्सशी, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन, आणि डिसेंबर १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांचं स्मारक त्याच्या गावात आहे, शाळेतून सगळ्यांना नेतात. मी सोलापुरात वाढले, आमच्याकडंही स्मारक झालंय, पण खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तर असं सगळं गोड चाललं असताना तिसऱ्या की चौथ्या भेटीत हाँगकाँगवरून वाजलं. आवाज चढले, इंजिनियर म्हणाला तुम्ही सगळे इथल्या पेपरांचं वाचून बोलता, हाँगकाँगवाली म्हणाली माझा भाऊ तिथं आहे, पेपर कशाला वाचू, तो उठून गेला. आम्ही ठरवलं की कुणी त्याला माफी मागायला लावायची नाही आणि तिलाही गप्प बसायला सांगायचं नाही. दोन महिने आला नाही. मग आला, डंपलिंग घेऊन. मत बदललेलं नाही त्याचं, तिचंही नाही, पण आता ते दोघं शेजारी बसतात आणि हीटर कोण बंद करतं यावरूनही भांडतात. नेटवर्क म्हणजे मला तरी हेच कळतं, कार्ड वाटणं नाही.

गेल्या महिन्यात त्यानं मला विचारलं, १९६२ मध्ये तुमच्याकडच्या चायनीज लोकांचं काय झालं होतं? त्याच्या हाती कुठूनतरी काही लागलं असावं. मी कोटणिसांवर दहा मिनिटं बोलू शकते, यावर एक मिनिट पण येईना. घरी जाऊन वाचलं. युद्ध सुरू असताना आसाममधल्या माकुम गावातून, दार्जिलिंग, शिलाँग भागातून, चायनीज वंशाच्या जवळजवळ ३ हजार लोकांना उचलून रेल्वेत घातलं, राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं, म्हातारे, पोरंबाळं सगळी, कित्येक जण भारतातच जन्मलेले, असमिया नाहीतर नेपाळी बोलणारे, काही तर चारपाच वर्षं आत होते. आईला फोन करून विचारलं, तिला माहीत नाही. बाबांना माहीत नाही. शाळेत तर कुणी शिकवलंच नाही, कोटणीस मात्र शिकवले.

पुढच्या भेटीत मी हे सगळं सांगितलं. इंजिनियर ऐकत होता, हाँगकाँगवालीही. पेनांगवालीनं विचारलं, मग सरकारनं माफी मागितली का?

मी म्हटलं, नाही.